रात्री गळ टाकायला जाताना हेडलॅम्पमध्ये कुठले सेल घालायचे?

रात्री गळ टाकून बसलं की हेडलॅम्प, म्हणजे डोक्याला बांधायचा लाईट, बहुतेक वेळ बंदच असतो, आणि बॅटरीचा सगळा हिशोब खरं तर इथूनच सुरू करायला हवा. डोंगर चढणारा माणूस तास-तास लाईट चालू ठेवून चालतो, रात्री पळणाऱ्याचंही तसंच, पण मासे धरणारा काय करतो, तर आमिष लावताना लाईट चालू, गळ टाकला की बंद, मग अंधारात रॉडच्या टोकाकडे बघत बसायचं, मध्येच लाईन गुंतली की परत चालू, आणि मासा लागला की एकदम फुल. म्हणजे आपल्याला सलग दहा तास जळणारा लाईट नको असतो. बटण दाबलं की दर वेळी लागणारा हवा असतो, आणि मासा काठाशी आल्यावर जेव्हा पूर्ण उजेड लागतो नेमकं तेव्हाच सेलनी मान टाकून चालत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बॉक्सवर छापलेले निम्मे आकडे बघायची गरजच उरत नाही.

आधी तो एमएएचचा, म्हणजे मिलिअँपिअर-आवरचा घोळ मिटवू. सेलवर २००० एमएएच, ३४०० एमएएच असं छापलेलं असतं आणि लोक तेवढाच आकडा बघून कुठला मोठा ते ठरवतात, पण एमएएच एकट्याने काही सांगत नाही, पोती किती ते सांगायचं आणि एका पोत्यात किती किलो ते गुलदस्त्यात ठेवायचं असला प्रकार आहे तो. त्याला व्होल्टने गुणलं की खरा साठा कळतो, त्याचं माप वॉट-आवर. डबल ए साईजचा रिचार्जेबल सेल, निकेलवाला, १.२ व्होल्टचा आणि २००० एमएएचचा असेल तर साठा २.४ वॉट-आवर. तेच १८६५० नावाचा जो लिथियम-आयन सेल येतो तो ३.६ व्होल्टचा, ३४०० एमएएच धरला तर १२ वॉट-आवरच्या वर. एमएएच दुप्पटही नाहीत पण साठा पाचपट! आणि ट्रिपल ए, म्हणजे रिमोटमध्ये असतात ते बारके, रिचार्जेबल घेतले ८०० एमएएचचे तर एकेकात जेमतेम १ वॉट-आवर, तिघांचे मिळूनही ३ भरत नाहीत. अजून एक, हेडलॅम्पमध्ये तीन सेल असले की ते बहुतेक वेळा सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले असतात, तेव्हा व्होल्ट वाढतात पण एमएएच तेवढेच राहतात, त्यामुळे ८०० गुणिले तीन करून २४०० एमएएचचा लॅम्प आहे असं कोणी सांगायला लागलं तर हसून सोडून द्या.

आता खर्चाची बाजू. ल्यूमेन हे उजेडाचं माप, आणि ढोबळ हिशोबाला १०० ल्यूमेन उजेडासाठी १ वॉट लागतो असं धरा, चांगला लॅम्प याच्यापेक्षा थोडं कमी खातो, सुमार लॅम्प जास्त खातो, पण अंदाजाला हे पुरतं. समजा तुम्ही आठ तास बसणार आहात. त्यात गाठी मारणं, आमिष लावणं, डबा धुंडाळणं यात सगळं मिळून दीड तास ४० ल्यूमेन, म्हणजे ०.६ वॉट-आवर. खडकांवरून जाणं-येणं ४० मिनिटं १५० ल्यूमेनवर, १ वॉट-आवर. आणि मासा ओढताना, जाळीत घेताना, गळ काढताना मिळून १५ मिनिटं ३०० ल्यूमेन, पाऊण वॉट-आवर. बेरीज सव्वादोन-अडीचच्या मधे. म्हणजे कागदावर तरी ते तीन बारके ट्रिपल ए सुद्धा एक रात्र काढतात, आणि एका १८६५० मध्ये तर चार-पाच रात्री निघतात. पण होडीवर बसून कोणी आठही तास २०० ल्यूमेन जाळत बसला तर त्याला १६ वॉट-आवर लागतील, तिथे १८६५० सुद्धा पहाटेच्या आधी संपणार. तुम्ही या दोघांपैकी कोणासारखे आहात ते आधी बघा, सेलचं नंतर. आणि जो आकडा येईल त्याच्या दीडपट सोबत ठेवा, कारण रात्री लाईन किती वेळा गुंतेल हे कुणाच्या हातात नसतं.

बॉक्सवरच्या तासांबद्दल. हेडलॅम्प आणि टॉर्चसाठी एफएल-१ नावाचं एक अमेरिकन मानक आहे, २००९ मध्ये आलं, बरेच नावाजलेले ब्रँड त्यानुसार आकडे छापतात. त्यात ल्यूमेन मोजतात ते लाईट लावल्यावर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आत, आणि रनटाईम मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. नीट वाचा, १० टक्के! म्हणजे ३०० ल्यूमेन, ५ तास असं लिहिलंय तर पाचव्या तासाच्या शेवटी तुमच्याकडे ३० ल्यूमेन आहेत, आणि मधल्या काळात काय झालं ते बॉक्स सांगत नाही, कदाचित दहाव्या मिनिटालाच लॅम्पनी स्वतःहून उजेड निम्म्यावर आणला असेल कारण तो तापला होता. ज्यांना हे मानकही माहीत नाही अशांचं तर विचारूच नका, ल्यूमेन छापतात सगळ्यात मोठ्या मोडचे आणि तास छापतात सगळ्यात छोट्या मोडचे, दोन्ही शेजारी-शेजारी, तुम्ही आपले समजता की ५०० ल्यूमेन १०० तास चालतो. वरचा हिशोब लावून बघा, ५०० ल्यूमेन म्हणजे ५ वॉट, १०० तास म्हणजे ५०० वॉट-आवर, आणि आत बसलेत तीन बारके सेल.

बरं, आता एकेका सेलकडे येऊ.

साधे अल्कलाईन सेल, कुठेही मिळणारे, एकदा वापरून फेकायचे. यांची खोड अशी की हळूहळू प्यायलं तर भरपूर पुरतात आणि घटाघटा प्यायलं तर लगेच आटतात. घड्याळात वर्षानुवर्षं चालणारा सेल ३०० ल्यूमेनच्या लॅम्पमध्ये घातला की तो आपली निम्मी क्षमतासुद्धा देईल की नाही सांगता येत नाही, कारण जास्त करंट ओढला की आतल्या आतच त्याची ताकद वाया जाते, आणि ट्रिपल ए मध्ये हे सगळ्यात जास्त जाणवतं. शिवाय यांचा व्होल्टेज पहिल्या मिनिटापासून उतरत जातो, १.५ वरून १.३, १.२, १.१ असा, त्यामुळे साध्या लॅम्पमध्ये उजेडही तसाच उतरत जातो, आणि डोळे सवय करून घेत असल्यामुळे आपल्याला कळतही नाही की गेल्या तासाभरात उजेड निम्मा झालाय, गळाच्या डोळ्यात लाईन ओवता येईना झाली की मग कळतं. थंडीत अजून वाईट, शून्याच्या आसपास यांचा दम निघतो. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे गळती, सेल आत विसरून ठेवला की त्यातून पोटॅशियम हायड्रॉक्साईड झिरपतं आणि स्प्रिंगवर पांढरं फुललेलं काहीतरी दिसतं, तेच. अल्कधर्मी असल्याने ते लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने पुसलं की सुटतं, पण बोटांना लागू देऊ नका आणि खाली पत्रा खाल्लेला असला तर मग उपाय नाही. इतकं सगळं असूनही एक गुण मात्र मान्य करायला पाहिजे, अल्कलाईन सेल हळूहळू मरतो, त्यामुळे तो तुम्हाला एकदम अंधारात टाकत नाही.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो जी वेळेला उपयोगी पडते. पांढऱ्या एलईडीला पेटायला साधारण ३ व्होल्टच्या आसपास लागतात, लाल एलईडीला २ च्या आसपास. त्यामुळे साध्या सर्किटच्या हेडलॅम्पमध्ये सेल इतके उतरले की पांढरा लाईट काजव्यासारखा झाला, तरी लाल मोड बऱ्यापैकी लागतो, आणि त्या लाल उजेडात सेल बदलता येतात. तसाही लाल मोड आपल्या कामाचाच, कारण अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एकदा पांढरा लाईट डोळ्यात गेला की सगळं पहिल्यापासून, तर मंद लाल उजेडात ती सवय बरीच टिकते. आणि लाल मोडला करंट अगदी किरकोळ लागतो. गाठी मारायला लाल उजेड पुरतो का, तर जाड लाईनला पुरतो, बारीक लाईनला डोळे फुटतात, आणि लाल रंगाची वेणीची लाईन असेल तर ती उठून दिसत नाही, तेव्हा पांढऱ्याचाच सगळ्यात छोटा मोड लावा.

आता निकेलवाले रिचार्जेबल, एनआयएमएच म्हणतात ते. यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि तेवढं वाचूनच लोक म्हणतात की हे कमजोर, १.५ वाले घेऊ. हा गैरसमज इतका पक्का बसलाय की बोलायची सोय नाही. अल्कलाईनचे १.५ हे नवेपणीचे असतात, काम करायला लागला की तो घसरतो आणि निम्म्या आयुष्याच्या आत-बाहेर १.२ च्या खाली जातो. निकेलवाला मात्र चार्जरमधून निघतो तेव्हा १.४ च्या आसपास असतो, चटकन १.२ वर येतो आणि मग तिथेच ठाण मांडून बसतो, अगदी शेवटपर्यंत, आणि मग धपकन खाली. म्हणजे हेडलॅम्पसारख्या जास्त करंट ओढणाऱ्या वस्तूत १.२ वालाच बराच वेळ जास्त व्होल्ट देत असतो. आतला रोध कमी असल्याने ३०० ल्यूमेनचा झटकाही तो सहज सोसतो. तोटा एवढाच की सेल किती उरलाय हे कळत नाही, लॅम्पवरचा इंडिकेटर अल्कलाईन डोळ्यापुढे ठेवून बनवलेला असला तर तो पूर्ण भरलेल्या निकेल सेललाही अर्धा दाखवतो, आणि अर्ध्याचा शून्य होताना मधे काही सांगत नाही. अंदाज आपल्यालाच ठेवायला लागतो.

जुन्या निकेल सेलचं अजून एक दुखणं होतं, चार्ज करून ठेवले की महिन्या-दोन महिन्यात आपोआप उतरायचे. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनेलूप नावाचे सेल आणले तेव्हापासून हे बदललं, अशा सेलना लो सेल्फ-डिस्चार्ज म्हणतात, वर्षभर नुसते पडून राहिले तरी बराचसा चार्ज धरून ठेवतात, आता अनेक कंपन्या असे बनवतात. महिन्यातून एखाद-दोनदा जाणाऱ्याने हेच घ्यावेत. आणि गंमत म्हणजे इथे जास्त एमएएचच्या मागे लागणं उलटं पडतं, डबल ए मध्ये २५०० लिहिलेल्यापेक्षा १९००-२००० वाला साधारणपणे जास्त वेळा चार्ज सोसतो आणि चार्ज जास्त दिवस धरतो. चार्जर मात्र असा घ्या जो प्रत्येक सेल वेगळा तपासतो. दोन-दोन सेल जोडीने चार्ज करणाऱ्या स्वस्त चार्जरमध्ये एक सेल उतू जातो आणि दुसरा उपाशी राहतो, आणि मग सेल चांगले नाहीत म्हणून नावं ठेवली जातात.

तिसरा प्रकार फेकायचाच पण लिथियमवाला, डबल ए आणि ट्रिपल ए साईजमध्ये मिळतो, १.५ व्होल्टचा. महाग, पण हलका, डबल ए अल्कलाईन २३ ग्रॅमच्या आसपास तर हा १५. उणे ४० अंशापर्यंत चालतो, २० वर्षांपर्यंत पडून राहू शकतो असं बनवणारे सांगतात, आणि अल्कलाईनसारखा गळायचा त्रास जवळजवळ नाही. रोज वापरायला परवडणारा नाही, पण पिशवीच्या तळाशी राखीव म्हणून ठेवायला याच्यासारखा सेल नाही, ठेवा आणि विसरून जा. फक्त हेडलॅम्पच्या कागदावर लिथियम चालेल का ते बघा, कारण नवाकोरा असताना हा १.८ व्होल्टपर्यंत असतो, तीन मिळून ५.४, काही लॅम्पवाले त्याला साफ नाही म्हणतात.

चौथा एक नवा प्रकार आलाय, डबल ए साईजचा रिचार्जेबल लिथियम-आयन, अंगावरच चार्जिंगचं पोर्ट, बाहेर ठाम १.५ व्होल्ट. आत सेल ३.७ चाच असतो आणि एक बारकं सर्किट त्याचे १.५ करतं. वाईट नाहीत, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. यांच्यावर मोठ्या अक्षरात ३००० लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात एमडब्ल्यूएच, म्हणजे मिलिवॉट-आवर, एमएएच नाही! १.५ ने भागा, २००० एमएएच येतात. आणि हे शेवटच्या क्षणापर्यंत १.५ देतात आणि मग बत्ती गुल, इशारा वगैरे काही नाही. मासेमारीला मला हा स्वभाव आवडत नाही.

मग येतो १८६५०. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब. त्याचा थोरला भाऊ २१७००, २१ जाड आणि ७० लांब, ४००० ते ५००० एमएएच, म्हणजे १८ वॉट-आवरपर्यंत. महिन्यातून बऱ्याच रात्री बाहेर काढणाऱ्याला मी सरळ एका १८६५० वर चालणारा आणि तो सेल काढता-घालता येणारा हेडलॅम्प घ्यायला सांगेन. कारण साठा नव्हे, साठा तर आहेच, कारण असं की सेल एकच आहे. अंधारात, ओल्या हाताने, बोटांना आमिषाचा चिकटा लागलेला असताना तीन बारके सेल काढून एक उलटा एक सुलटा असे बसवणं काय असतं ते एकदा घरी डोळे मिटून करून बघा. एकतरी खाली पडतोच, आणि खडकात पडलेला ट्रिपल ए परत मिळत नाही. तीनच्या लॅम्पमध्ये सपाट बाजू स्प्रिंगकडे हा नियम बोटाने चाचपडून तरी लागू करता येतो. १८६५० च्या काही लॅम्पमध्ये दोन्ही टोकांना स्प्रिंग असतात, तिथे प्लसची बाजू कुठे ते झाकणावर नेलपॉलिशच्या ठिपक्याने किंवा एका खाचेने खूण करून ठेवा, बोटाला कळेल अशी. उलटा घातला तर चांगला लॅम्प नुसता लागत नाही, सुमार लॅम्प जळतो.

पण हा सेल सांभाळून वापरायचा सेल आहे. भरलेला ४.२ व्होल्ट, रिकामा साधारण ३ च्या खाली, आणि २.५ च्या खाली नेला तर आतून खराब व्हायला लागतो. म्हणून काही सेलच्या बुडाशी एक बारकं सर्किट बसवलेलं असतं, त्याला प्रोटेक्टेड म्हणतात, ते जास्त उतरण्यापासून आणि शॉर्टपासून वाचवतं. त्यामुळे सेल तीन-चार मिलिमीटर लांब होतो आणि काही लॅम्पमध्ये बसतच नाही, तेव्हा घेताना लॅम्पला बटन टॉप (प्लसच्या टोकाला उंचवटा असलेला) लागतो का फ्लॅट टॉप (सपाट), प्रोटेक्टेड बसतो का, हे बघूनच घ्या. प्रोटेक्टेडचा तोटा असा की सर्किटने हात वर केले की एका क्षणात मिट्ट काळोख, त्यामुळे लॅम्प स्वतःच आधी लुकलुकून किंवा लाल ठिपका दाखवून सांगणारा असावा. खोट्या सेलचा बाजारही याच साईजमध्ये सगळ्यात मोठा. चांगला १८६५० म्हणजे ३५०० एमएएचच्या आसपास, त्यामुळे ज्याच्यावर ६८००, ९९०० असं लिहिलंय तो बघताक्षणी खोटा. वजन करून बघा, खरा ४५ ते ५० ग्रॅम भरतो, फारच हलका लागला तर आत काय भरलंय देव जाणे.

आणि हे मात्र ठळक अक्षरात डोक्यात ठेवा: १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब डबल ए सारखा असतो, आणि १०४४० ट्रिपल ए सारखा. दोन्ही ३.७ व्होल्टचे. साध्या लॅम्पमध्ये तीन डबल ए च्या जागी तीन १४५०० घातले की ४.५ च्या जागी ११ व्होल्ट, भरलेले असतील तर साडेबारा, आणि मग एलईडीचा निकाल लागलाच म्हणून समजा. मित्राच्या डब्यातून सेल उसना घेताना वरचं लेबल वाचा, नुसती साईज बघून घालू नका.

आत कायमची बॅटरी असलेले, टाइप-सीने चार्ज होणारे लॅम्प सध्या सगळीकडे दिसतात. हलके, सुटसुटीत, घरून चार्ज करून निघालं की काम झालं. छोट्या बैठकीला छान आहेत, रात्रभराला मला भरवसा वाटत नाही, कारण दोन वाजता संपला तर पॉवर बँक लावून डोक्यावर वायर लोंबकळत ठेवायची, त्यातही काही लॅम्प चार्ज होताना लागतच नाहीत. आणि ते रबराचं बुच. ओल्या, खाऱ्या हाताने ते उघडून वायर खुपसली की पोर्टच्या बारक्या पिनांमध्ये पाणी आणि करंट एकत्र येतात, आणि पिना हिरव्या पडायला सुरुवात होते. लॅम्प चार्ज करायचा तर कोरडा करून, शक्यतो घरी. बॅटरी तीन-चारशे चार्जनंतर दमली की अख्खा लॅम्प गेला हेही आहेच. त्यातल्या त्यात मधला मार्ग म्हणजे दोन्ही चालणारे लॅम्प, जसं पेट्झल कंपनीचे काही लॅम्प त्यांच्या १२५० एमएएचच्या कोअर बॅटरीवरही चालतात आणि तीन ट्रिपल ए वरही. घरून निघताना रिचार्जेबल, खिशात राखीव तीन लिथियम. ही जोडी मला पटते.

खाऱ्या पाण्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण सेल मरण्यापेक्षा लॅम्प मरतात ते याने. लॅम्पवर आयपीएक्स७ लिहिलं असेल तर तो १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरता. पण ही परीक्षा होते साध्या पाण्यात, झाकण नीट लागलेलं असताना, लॅम्प नवा असताना. मीठ वेगळ्याच पद्धतीने काम करतं. बॅटरीच्या कप्प्यात खाऱ्या पाण्याचा एक थेंब जरी दोन पत्र्यांच्या मधे बसला तरी लॅम्प बंद असतानासुद्धा त्या थेंबातून करंट वाहत राहतो, कारण सेलचे व्होल्ट तर तिथे आहेतच, बटणाशी त्याचा काही संबंध नाही. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्ट पुरतो आणि इथे तर चार-साडेचार आहेत. प्लसकडचा पत्रा विरघळायला लागतो, आधी काळपट, मग हिरवा, आणि एक दिवस लॅम्प लुकलुकायला लागतो. तेव्हा घरी आल्यावर आधी झाकण बंद ठेवून लॅम्प गोड्या पाण्याखाली धरा, पुसा, आणि मग कोरड्या हाताने उघडून सेल बाहेर काढा, कप्पा उघडाच वाळू द्या. पत्र्यांवर काळपट थर आला असेल तर खोडरबराने घासा, बहुतेक वेळा निघतो. झाकणाच्या रबरी रिंगवर केस किंवा वाळूचा एक कण जरी असला तरी पाणी आत येतं, तेव्हा ती बोटाने चाचपून बघा आणि अधूनमधून कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी पुसट लावा.

खाऱ्या पाण्यात बुडालेला लिथियम-आयन सेल परत चार्ज करू नका, वरून कितीही चांगला दिसला तरी. प्लसच्या टोपीखाली बारीक भोकं असतात, पाणी तिथे जाऊन बसतं आणि आतून गंजवतं. त्या भागात गंजाचा पिवळा डाग दिसला, वरचं प्लास्टिक फाटलं किंवा सेल फुगल्यासारखा वाटला तर तो बाद. पाऊस चालू असताना किंवा लाटांचे तुषार येत असताना सेल बदलायचाच झाला तर वाऱ्याकडे पाठ करा, हात कोरड्या फडक्याला पुसा, आणि लॅम्प छातीशी धरून बदला.

आणि बदलायला दुसरा लाईट लागतो! हे इतकं उघड आहे की कोणाच्या लक्षात राहत नाही. फोनचा टॉर्च चालतो पण फोन धरायला एक हात जातो, म्हणून एकाच सेलवर चालणारी छोटीशी टॉर्च दोरीने गळ्यात अडकवा, दाताने धरता येईल अशी. शक्य असेल तर ती हेडलॅम्पचेच सेल खाणारी घ्या म्हणजे राखीव सेल दोघांना चालतील. ज्यांच्यात बॅटरीचा डबा डोक्याच्या मागे असतो आणि वायर पुढे येते असे लॅम्प वजनाला बरे पडतात, २१७०० चा ७० ग्रॅमचा सेल कपाळावर असला तर खाली बघून गाठ मारताना तो सारखा घसरतो, पण गळ फेकताना लाईन त्या वायरमध्ये अडकू शकते, तेव्हा वायर पट्ट्याच्या आत चपखल बसते का ते बघा.

राखीव सेल खिशात सुटे टाकू नका. आपल्या खिशात काय-काय असतं, शिशाची वजनं, स्विव्हल, स्प्लिट रिंगा, पक्कड, म्हणजे सेलची दोन्ही टोकं जोडायला लागणारं सगळं सामान हजर. १८६५० शॉर्ट झाला तर त्यातून दहा-वीस अँपिअर किंवा जास्तच वाहतो, ती रिंग लालबुंद होते आणि सेल तापून फुटूही शकतो, आणि हे मांडीला चिकटून. प्लास्टिकची सेलची डबी मिळते, तिच्यात ठेवा, भरलेले प्लस वर करून आणि रिकामे प्लस खाली करून, म्हणजे अंधारात चाचपून कळतं कुठला नवा. तीन सेलच्या लॅम्पमध्ये सेल बदलायचे तर तिन्ही बदला. एक जुना ठेवला तर तो आधी संपतो, बाकीचे दोन त्याच्यातून उलटा करंट ढकलतात आणि तो गळतो. अल्कलाईन आणि रिचार्जेबल एकत्र करणं म्हणजे तेच, अजून लवकर. थंडीत राखीव सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा, आणि लिथियम-आयन सेल गोठणबिंदूच्या खाली थंड झालेला असेल तर चार्जरला लावायच्या आधी खोलीत नॉर्मल होऊ द्या.

पिशवीत लॅम्पचं बटण आपोआप दाबलं जाऊन रात्र सुरू व्हायच्या आधीच सेल संपणं हे तर नेहमीचंच. लॉक असेल तर लावा, बहुतेक लॅम्पमध्ये बटण तीन-चार सेकंद दाबून ठेवल्यावर लागतो, नसेल तर एक सेल काढून ठेवा किंवा झाकण पाव आटा सैल करा. हंगाम संपला की सेल बाहेर. लिथियम-आयन पूर्ण भरून ठेवू नका आणि पूर्ण रिकामेही नाही, अर्ध्याच्या आसपास, सावलीत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नाही, उष्णतेने यांचं आयुष्य झपाट्याने उतरतं. निकेलवाले चार्ज करून ठेवले तरी चालतात, फक्त वर्षातून दोन-तीनदा चार्जरमधून काढा.

संपलेले सेल काठावर टाकून येऊ नका, पाण्यात तर नाहीच, एका वेगळ्या पिशवीत घरी आणा. लिथियमवाल्यांच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून मगच ते जुन्या बॅटऱ्या गोळा करतात तिथे द्या, घरच्या कचऱ्यात नको, कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की तो पेटू शकतो.